औसा तालुक्यातल्या गावी तीन वर्षं: केव्हा काय असतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्नी बँकेत अधिकारी आहेत. जूनपासून त्यांची बदली औसा तालुक्यातल्या अडीच-तीन हजार वस्तीच्या गावातल्या शाखेत झाली आहे, मुदत साधारण तीन वर्षं. तुमचं काम घरून चालतं, मुलगी सात वर्षांची. दोघंही पुण्यात वाढलेले, आपलं म्हणावं असं गाव नाही. तेव्हा गावात राहावं की लातूरला राहून पत्नींनी रोज ये-जा करावी, तिथलं जगणं कसं असतं, आसपास बघण्यासारखं काय आहे, मुलीला करमेल का, आणि तिची सायकल सोबत न्यावी का.

मी कृषी खात्यात गावपातळीवर तीस वर्षं काम केलं. औसा, निलंगा, रेणापूर या तालुक्यांत आणि काही वर्षं शेजारच्या उमरग्याला. आता निवृत्त आहे आणि स्वतःच्याच गावी चार एकर बघतो. या तीस वर्षांत बदलून आलेले तलाठी, शिक्षक, डॉक्टर, बँकवाले पुष्कळ पाहिले. काही रुळले, काही पहिल्या दिवसापासून परतीच्या बदलीच्या मागे लागले. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

‘बघण्यासारखं काय आहे’ असं तुम्ही विचारलंय, पण मला वाटतं तुमची खरी काळजी वेगळी आहे. तीन वर्षं आपण तिथं परके राहू का, पाहुण्यासारखे दिवस मोजत बसू का, ही ती काळजी. आणि तिचं उत्तर ठिकाणांच्या यादीत सापडत नाही. आमच्याकडच्या गावात ‘काय’ विचारण्यापेक्षा ‘केव्हा’ विचारावं लागतं. तेच शिवार मे महिन्यात उघडंबोडकं असतं आणि जानेवारीत तिथून पाय निघत नाही.

हे मी अनुभवाने शिकलो. काही वर्षांपूर्वी आमच्या पाहुण्यांच्या ओळखीचं एक कुटुंब मुलांच्या सुट्टीत गाव बघायला आलं. सुट्टी म्हणजे मे महिना, आणि मीच त्यांना खुशाल या म्हणालो होतो. पारा बेचाळीसच्या पुढे, सकाळी दहानंतर गल्लीत चिटपाखरू नाही, रान नांगरून ढेकळं पडलेली. त्यांचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा बांधावर उभा राहून मला विचारत होता, ‘आजोबा, शेत कुठंय?’ तो शेतातच उभा होता. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते परत गेले. त्यात चूक माझी होती. पुढच्या जानेवारीत मी त्यांना आग्रहाने पुन्हा बोलावलं, तेव्हा सहा दिवस राहिले आणि निघताना तो मुलगा हुरडा भाजायच्या आगटीपाशीच बसून राहिला, उठेना. रान तेच, माणसंही तीच.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी सांगतो, कारण त्यावर तुमचा राहण्याचा निर्णय ठरेल. पहिली गोष्ट पाणी. नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि मार्चनंतर किती दिवसांनी येतं, हे दोन वेगळे प्रश्न म्हणून विचारा. घरमालकाला विचारू नका, शेजारच्या बाईंना विचारा. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं हे तुम्ही वाचलं असेल. तसं दर वर्षी होत नाही, पण उन्हाळ्यात बोअरला पाणी टिकणारं घर आणि न टिकणारं घर यांत राहण्याचा फार फरक पडतो. आणि उलटही होतं. २०२५ च्या सप्टेंबरात याच मराठवाड्यात पुराने जमिनी खरवडून नेल्या. दोन्हीची तयारी ठेवूनच इथली माणसं जगतात.

दुसरी गोष्ट लाईट आणि मोबाईलची रेंज. तुमचं काम घरून आहे म्हणून हे महत्त्वाचं. पावसाळ्यात वारा-वीज झाली की लाईट तासन् तास जाते, डीपी, म्हणजे गावाचा विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली तर दोन-चार दिवसही लागतात. इन्व्हर्टर घ्याच, आणि कुठल्या कंपनीची रेंज घरात येते ते त्या घरात उभं राहूनच तपासा. गच्चीवर रेंज येऊन उपयोग नाही.

तिसरी गोष्ट, गाव कुठलं. तुमचं गाव किल्लारीच्या बाजूचं असेल तर ते पुनर्वसित असण्याची शक्यता आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून लोक गाढ झोपले असताना भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचा, म्हणजे लाकूड-मातीच्या छताचा, मणामणांचा भार, असं तेव्हाचं घर होतं. मला नोकरी लागून तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. त्यावर इथं जास्त लिहीत नाही. पण अशा गावात गेलात तर जुना वाडा, ढाळज म्हणजे वाड्याच्या दारातली ओसरी, अरुंद बोळ असलं काही दिसणार नाही. सरळ रुंद रस्ते, सुटी सुटी घरं, मोकळी जागा दिसेल. नवख्याला ते कॉलनीसारखं वाटतं. पंचेचाळिशीच्या पुढच्या कुणालाही जुन्या गावाबद्दल आपण होऊन विचारू नका. ते स्वतः बोलायला लागले तर मात्र बसून ऐका, मध्ये उठू नका.

या तिन्ही गोष्टी बऱ्यापैकी असतील तर माझं मत स्पष्ट आहे: गावातच राहा. संध्याकाळी सहाची गाडी धरणाऱ्या साहेबांना गाव कधी दिसतच नाही, कारण शेतकरी घरी येतो सातला. मुलीच्या शाळेची चिंता असेल तर जिल्हा परिषदेच्या शाळेत आधी स्वतः जाऊन एक तास बसा. सगळ्या शाळा चांगल्या नाहीत आणि सगळ्या वाईटही नाहीत. हेडमास्तर आणि दुसरीच्या वर्गाचे गुरुजी कोण, यावर सगळं आहे. लातूर किंवा औशाची इंग्रजी शाळा घ्यायचीच असेल तर स्कूलबस गावात येते का ते बघा. पुष्कळ गावांत आता येते.

आता जूनकडे येतो, कारण तुमची सुरुवातच तिथून आहे. तुमच्या पत्नी गावाच्या सगळ्यात अडचणीच्या महिन्यात रुजू होताहेत. जून म्हणजे पीक कर्जाचा महिना. बियाणं, खत, पेरणी, सगळा पैसा एकदम लागतो आणि जुनं खातं नवं-जुनं केल्याशिवाय, म्हणजे आधीचं कर्ज भरल्याशिवाय, नवं कर्ज मिळत नाही. त्या महिन्यात बँकेच्या मॅडम गावात सरपंचाहून मोठ्या असतात. लोक घरी येतील. सकाळी सातला येतील, रात्री जेवताना येतील, कुणी भाजी घेऊन येईल, कुणी नुसतंच दारात उभं राहील. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट प्रेमाने पण पक्की सांगून टाका: चहा घरी, कागद बँकेत. भाजीची जुडी आली तर घ्या, नाकारली तर अपमान होतो. पण त्याच माणसाच्या घरी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडून काहीतरी जाऊ द्या. माझ्या ओळखीच्या एक मॅडम रिकामा डबा कधी परत करत नसत, त्यात दोन केळी का होईना घालत. त्यांची बदली झाली तेव्हा निरोपाला बायका रडल्या होत्या.

त्याच महिन्यात पेरणी. पुण्याला पाऊस सुरू होतो तो नुसता पाऊस असतो. इथं माणूस हातात माती घेऊन मूठ वळतो आणि बघतो. माती चिखल होऊन हाताला चिकटली तर रान अजून ओलं, फुसकन भुगा झाला तर ओल नाही. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटाने टोकल्यावर फुटला, तर वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल. सोयाबीनसाठी आम्ही सांगत आलो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नका, म्हणजे पेरू नका. पण शेजाऱ्याचं टिफण, म्हणजे पेरणीचं अवजार, चाललं की धीर धरवत नाही हे खरं. आता टिफण ट्रॅक्टरला असतं, धडधड तीच. पेरणीच्या आठ दिवसांत कुणाशी गप्पा होतील ही अपेक्षा ठेवू नका. मुलीला घेऊन संध्याकाळी बांधापर्यंत जा, लांबून बघा. आणि पुढचा पाऊस लांबला की गावाचा चेहरा कसा होतो तेही जुलैत बघाल. पहिली पेरणी वाया गेल्यावर करावी लागणारी दुबार पेरणी म्हणजे काय हे आम्हाला वर्गात शिकवलं होतं, कळलं ते एका शेतकऱ्याच्या ओट्यावर बसल्यावर. चार एकरांचं बियाणं मातीत गेलं होतं आणि ते गृहस्थ मलाच चहा पाजत होते.

वीज हा मात्र गंमतीचा विषय नाही. पावसाच्या आधीच्या वळवात आणि परतीच्या पावसात आमच्याकडे वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. आभाळ भरून आलं की झाडाखाली थांबायचं नाही, घर गाठायचं. फोनवर ‘दामिनी’ हे ॲप घेऊन ठेवा, पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं आहे. आणि साप. घोणस, मण्यार, नाग तिन्ही आहेत. रात्री बॅटरीशिवाय बाहेर पडू नका, बूट झटकून घाला, जमिनीवर झोपू नका. चावलाच तर बांधाबांध आणि मांत्रिक यांत एक मिनिटही घालवू नका, सरळ ग्रामीण रुग्णालय गाठा. सापाच्या विषावरची लस कुठल्या दवाखान्यात असते ते गेल्या गेल्या विचारून ठेवा.

श्रावणाच्या अमावस्येला पोळा. बैल आता पूर्वीसारखे राहिले नाहीत, पण ज्यांच्या दारात आहेत त्यांच्याकडे आदल्या दिवशी संध्याकाळी खांदेमळणीला जा, मिरवणुकीपेक्षा ते बघण्यासारखं आहे. वर्षभर जू बसलेला खांदा तूप-हळदीने चोळतात, आणि ते करताना माणूस बैलाशी बोलत असतो. तुमच्याकडे देवणी जातीचं जनावर दिसेल, लातूर जिल्ह्यातल्या देवणीवरूनच त्याचं नाव आहे. अंगावरच्या रंगावरून त्याचे तीन प्रकार: सगळं पांढरं आणि तोंड तेवढं काळं तो वानेरा, पांढरं अंग तो बालंक्या, अंगभर काळे-पांढरे ठिपके तो शेवरा. मुलीला हे तीन शब्द शिकवून ठेवा. गावातला म्हातारा माणूस शहरातल्या पोरीच्या तोंडून ‘हा वानेरा का हो आजोबा?’ ऐकेल, त्या दिवशी तुमचं अर्धं काम झालं.

सप्टेंबरच्या अखेरपासून सोयाबीनची काढणी लागते. ते दिवस कुणाच्याच घरी जाऊ नका. मजूर मिळत नाहीत, आभाळ डोक्यावर, बनीम, म्हणजे काढलेल्या पिकाचा ढीग, झाकायला ताडपत्री कमी पडते. मी नोकरीला लागलो तेव्हा खरिपात मूग, उडीद, तूर, खरीप ज्वारी असं मिसळ रान होतं. आता डोळा जाईल तिथवर सोयाबीन. भाव बरा लागला तर गावात दिवाळी दिसते, नाहीतर दिसत नाही. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि कित्येकांना त्याच्याही खाली माल घालावा लागला. तुमच्या पत्नींना हे आकडे खात्यांत दिसतीलच. तुम्हाला ते किराणा दुकानात दिसतील, कारण त्या दिवाळीला तेलाचा डबा जाऊन किलोचा पुडा येतो. कर्जाने खचलेला माणूस गावात ओळखू येतो: तो पारावर येणं बंद करतो. तुम्हाला असं कुणी जाणवलं तर त्याच्या घरी सहज म्हणून जा. एवढं कुणीही करू शकतं, त्याला कृषी खातं लागत नाही.

आणि मग मार्गशीर्ष. इथपासून माघापर्यंत आमचा प्रदेश जसा असतो तसा मी दुसरा कुठला पाहिला नाही. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे डिसेंबरअखेरीस किंवा जानेवारीच्या सुरुवातीला, वेळ अमावस्या येते. आम्ही तिला येळवस म्हणतो. लातूर आणि धाराशिवकडे हा दिवाळीहून मोठा सण, जिल्ह्यात स्थानिक सुट्टी असते. शहरं ओस पडतात आणि शिवारं भरतात.

आदले दोन दिवस घरोघरी भज्जी आणि आंबिलाची तयारी चालते. भज्जी म्हणजे भजी नव्हे, जोडाक्षराची चूक समजू नका. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाटाणा, वालाच्या शेंगा, गाजर, वांगी, मेथी, चाकवत, कांद्याची पात, जे जे त्या घडीला शिवारात आहे ते सगळं चिंचेच्या कोळात आणि डाळीच्या पिठात एकत्र शिजवायचं. सोबत सजगुऱ्याचे, म्हणजे बाजरीचे, उंडे, तिळाच्या आणि शेंगदाण्याच्या पोळ्या, गव्हाची खीर. आंबील ताकात ज्वारीचं पीठ घालून, लसूण-आलं-जिरं लावून आंबवलेली. ती मातीच्या बिंदगीत भरतात आणि घरचा कर्ता माणूस अंगावर घोंगडं घेऊन डोक्यावरून शेतात नेतो. शेतात कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केलेली असते, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली की उभ्या पिकातून ‘वलगे वलगे सालम पलगे’ असं म्हणत आंबील शिंपडत फिरतात. या शब्दांचा उच्चार गावागणिक बदलतो. सीमेपलीकडच्या कानडीचा वास त्याला आहे हे ऐकताच कळतं. मग बोळक्यात दूध उतू घालतात, ज्या दिशेला उतू जाईल त्या दिशेला पुढच्या साली पीक चांगलं म्हणतात. मुलीला तिथं पुढे बसवा.

जेवायला बसल्यावर लक्षात घ्या की कोपीपाशी नात्याचा हिशेब नसतो. वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात. पहिल्या वर्षी तुम्हाला दहा घरची निमंत्रणं येतील. सगळीकडे पोटभर जेवणं जमणार नाही, पण सगळीकडे दोन घास आणि फुलपात्रभर आंबील घ्या. पारावरच्या माणसाकडे गेलात आणि टोकाच्या वस्तीवरच्या माणसाकडे नाही गेलात, तर ते संध्याकाळपर्यंत गावभर झालेलं असेल.

हे लिहिलं ते मुद्दाम. गाव एकजीव असतं असं मी तुम्हाला सांगणार नाही. पहिल्या भेटीत आडनाव विचारतील, त्यावरून तुम्हाला कुठल्या खणात ठेवायचं ते ठरवायला बघतील. वस्त्या वेगळ्या आहेत, काही ठिकाणी चहाचे कप अजून मनात वेगळे आहेत. तुम्हाला बाहेरचं असण्याचा एक फायदा आहे, तुम्ही सगळ्यांच्या घरी जाऊ शकता. तो पहिल्या महिन्यात वापरलात तर तीन वर्षं टिकतो. आधी एका आळीचे झालात तर नंतर सुटका नाही. त्याचबरोबर हेही खरं की याच गावात मोहरमच्या सवाऱ्यांपुढे हिंदू घरच्या बायका पाणी ओततात, आणि सप्त्याच्या पंगतीत मुसलमान पोरं वाढायला असतात. दोन्ही गोष्टी मी तीस वर्षं पाहिल्या आहेत.

येळवशीनंतर हुरडा. रब्बी ज्वारी आता पूर्वीइतकी नाही, सोयाबीनवर हरभरा पेरायची पद्धत पडली, तरी घरच्या भाकरीपुरती आणि कडब्यापुरती मालदांडी जातीची ज्वारी बहुतेक ठेवतात. हुरड्यासाठी गूळभेंडी किंवा सुरती वेगळी चार ओळी पेरतात. हुरड्याचे दिवस एका रानात दहा-बारा, त्याहून जास्त नाहीत. कणीस हातात घेऊन दाणा नखाने दाबायचा. पांढरं दूध उडालं तर अजून आठ दिवस आहेत. पीठ निघालं तर गेला. मऊ कणकेसारखा दाबला गेला आणि हिरवा राहिला, तर आजच. जमिनीत हातभर खड्डा करून गोवऱ्या पेटवायच्या, ती आगटी. निखारे झाले की कणसं राखेत खुपसायची, जळू न देता फिरवत राहायची, आणि गरम कणीस तळहातावर चोळून काढायचं. सवय नसलेल्याचा हात भाजतो, म्हणून पहिल्या दिवशी दुसऱ्याने चोळून दिलेलं खा. हिरवे चमकते दाणे, फुंकर मारून कूस उडवलेलं, त्यावर शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी, बाजूला गुळाचा खडा आणि ओला हरभरा. हे पुण्याच्या रस्त्यावर पिशवीत मिळतं ते नव्हे. कणीस मोडल्यावर एका तासात चव उतरायला लागते.

फेब्रुवारी-मार्चमध्ये राशी, म्हणजे मळण्या, होतात, हरभरा घरात येतो, हातात थोडा पैसा खेळतो, आणि मग अखंड हरिनाम सप्ताह, ग्रामदैवताची यात्रा, कुस्त्यांचा फड, एखाद्या दर्ग्याचा उरूस असं लागून येतं. सप्त्यात पहाटेचा काकडा ऐका आणि काल्याच्या कीर्तनाला हजर राहा. तुमच्या पत्नी मात्र मार्चमध्ये बँकेच्या वसुलीत अडकलेल्या असतील, म्हणजे तुम्ही दोघंच जाल. एप्रिल-मे मी तुम्हाला मोकळे ठेवायला सांगेन. मुलीच्या सुट्टीत आजी-आजोबांकडे पुण्याला जा, त्यात काही कमीपणा नाही. गावातले लोकही लग्नांच्या पाठीमागे बाहेरच असतात. चिंचा झोडायचे दिवस मात्र त्याच्या आधीचे, ते चुकवू नका. निलंगा तालुक्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला आणि बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. वर्षाची डाळ आणि चिंच तिथूनच भरा.

ठिकाणं तुम्ही विचारली आहेत म्हणून सांगतो, पण हीसुद्धा वेळ बघून. औशाचा किल्ला तुमच्या सगळ्यात जवळचा. तो भुईकोट आहे आणि खोलगट जागी बांधलेला, त्यामुळे अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत चढल्यावर मात्र चहूबाजूचं दूरवरचं रान दिसतं, हीच त्याची खुबी. खरोशाची लेणी सहाव्या शतकातली मानतात. दगड झिजला आहे, वेरूळची अपेक्षा ठेवून जाऊ नका. श्रावणात डोंगर हिरवा असताना जा. नळदुर्गला भर पावसाळ्यात, बोरी नदीला पाणी असतानाच जावं. किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे पडतात आणि बंधाऱ्याच्या पोटातल्या पाणीमहालात उभं राहून पुढून पडणारं पाणी बघता येतं. पाणी नसेल तर निम्मी मजा जाते. तेर माझ्या विशेष आवडीचं. संत गोरोबाकाकांची समाधी तेरणेच्या काठी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण हेच दोन हजार वर्षांपूर्वीचं तगर, रोमपर्यंत व्यापार असलेलं. तिथल्या संग्रहालयात मातीच्या बाहुल्या, मणी, शंखाच्या वस्तू बघायला मुलीला अर्धा दिवस द्या, घाईने नेऊ नका. उदगीरचा किल्ला मराठ्यांनी १७६० मध्ये निजामाला हरवलं त्या लढाईमुळे पुस्तकात वाचलेला असेल, तो एका रविवारी होतो. तुळजापूर तर कुणीही नेईल.

खरं सांगायचं तर मुलीला यातलं निम्मं आठवणार नाही. तिला आठवडी बाजार आठवेल. तिला दहा रुपये देऊन एकटीला वाटाणे आणायला पाठवा, तुम्ही पाच पावलं मागे उभे राहा.

बोलण्याबद्दल दोन गोष्टी. वडीलधाऱ्यांना आजोबा, मामा, काका, बायकांना मावशी, अक्का, वहिनी म्हणा. तुमच्याहून लहान असला तरी शेतकऱ्याला अरे-तुरे नको, त्याला दादा म्हणा. ‘जेवलाव का?’ असं दिवसातून पाच वेळा विचारतील. ती चौकशी असते, आमंत्रण नसतं, ‘जेवलो, तुम्ही?’ एवढं उत्तर पुरतं. ‘काय करलालाव?’ हेही तसंच, त्याला तपशीलवार उत्तर देऊ नका. तुम्ही दिवसभर घरात संगणकापुढे बसता आणि पत्नी नोकरीला जातात, यावर पहिले दोन महिने बायका-माणसं बोलतील. वाईट वाटून घेऊ नका. कुणाच्या पोराचा प्रवेशाचा फॉर्म, कुणाची पीक विम्याची तक्रार तुम्ही त्याच संगणकावर भरून दिलीत की ते बोलणं बंद होतं. पीक विम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागायची, हे कित्येकांना वेळेवर कळत नव्हतं म्हणून त्यांचे पैसे बुडालेले मी पाहिले आहेत. नियम दर हंगामाला बदलतात, पण फोनवर वाचून सांगणारा माणूस गावाला कायम लागतो.

फोटो विचारून काढा. रानातल्या बायकांचे तर विचारूनही लगेच काढू नका, ओळख होऊ द्या.

राहिली सायकल. न्या, नक्की न्या. पण दोन गोष्टी करा. तिचे मडगार्ड काढून ठेवा, कारण पावसाळ्यात आमची काळी माती चाकाला थर देत जाते आणि मडगार्डमध्ये अडकून चाक जागेवर थांबतं. मूल जोर लावत राहतं आणि सायकल हलत नाही. आणि पंक्चरचं सामान, हवेचा पंप सोबत ठेवा. पांदीच्या वाटेला बाभळीचे काटे पडलेले असतात, ते महिन्यातून दोनदा तरी टायरमध्ये सापडतील. पंक्चर काढायला गावात कुणीतरी असतंच, पण तिला स्वतःला शिकवलंत तर शाळेतली सगळी पोरं आपापल्या सायकली घेऊन तुमच्या दारात येतील.